लखू बुदवंत व इतर

पुणे, १८ जुलै १९१३

चि. मारुती,

आशीर्वाद. तुझी मावशी आणि तुझी वहिनी सुशीला दोघी बऱ्या आहेत. मी बरा नाही. दुखणं औषधानं जाण्यासारखं नाही, कारण आपला लेख दुसऱ्यांदा परत आलाय.

घाबरू नकोस. मजकुराला कुणी नावं ठेवलेली नाहीत. जोयड्याच्या रानातले कंद, ते कधी खणतात, कसे शिजवतात, हे सगळं संपादकसाहेबांना पसंत आहे. तू गावात बसून टिपणं केलीस, मी ती इंग्रजीत घातली, ते काम चोख झालं म्हणतात. अडलंय ते शेपटाशी, म्हणजे संदर्भांच्या यादीशी. मुंबईच्या या त्रैमासिकाची चार पानी छापील नियमावली आहे. लेखात जे जे म्हणशील ते कुणाच्या आधारावर, हे शेवटी ओळीनं सांगायचं. आधी आडनाव, मग नावाचं आद्याक्षर, मग कंसात साल, मग पुस्तकाचं नाव आणि त्याखाली सरळ रेघ, म्हणजे छापणारा ते तिरप्या टायपात घेतो. खंडाच्या आकड्याखाली नागमोडी रेघ, म्हणजे तो ठळक. स्वल्पविराम कुठं आणि अर्धविराम कुठं, तेही ठरलेलं. गेल्या खेपेला मी कंस सालाला न घालता पानाच्या आकड्याला घातले, तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नोंदी लाल शाईनं खोडून आल्या. वर शेरा, ‘लेखकाने नियम वाचलेले दिसत नाहीत.’ अरे, पंचवीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतोय, एक चिठ्ठी वाकडी लागली नाही. आणि हा मला सांगतो नियम वाच म्हणून!

असो. चाळीस नोंदी पुस्तकांच्या आहेत, त्या मी ग्रंथालयात बसून पुन्हा करतो. एक्केचाळिसावी तुझी. कडू करांद्याचा विषार जायला तो चिरून, राखेच्या पाण्यात उकडून, मग वाहत्या पाण्यात चार दिवस ठेवावा लागतो असं तू लिहिलंस. एका जुन्या साहेबाच्या पुस्तकात मात्र ‘एक रात्र’ असं आहे, दुसरा खंड, पान एकशे बारा. तुझ्या चार दिवसांना आधार म्हणून तू एका ओळीत पाच गावकऱ्यांची नावं दिलीस, ना आडनाव ना साल. संपादक तोंडी आधार चालवून घेतात, पण तो नीट हवा. कोण, कुठला, कुठल्या सालचा, आणि त्याला कशावरून ठाऊक. एवढं कळव, आणि लवकर कळव. या स्वल्पविरामांपायी माझे डोळे गेलेत.

तुझा,
शंकरअण्णा


गुंद, ९ ऑगस्ट १९१३

शंकरअण्णा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र सुप्याच्या टपालात आठ दिवस पडून होतं. व्हाळाला पाणी आलंय, टपालवाला पलीकडं आणि आम्ही अलीकडं. मला हिवतापानं धरलंय. एक दिवस शाळा आणि एक दिवस घोंगडी असं चाललंय. तुम्हाला स्वल्पविरामांचा कंटाळा आलाय, मला जळवांचा. कुणाचं दुःख मोठं ते मावशीला ठरवू द्या.

नावं अशी घ्या : लखू बुदवंत, परशू, वासू, गुणा आणि फुला. सगळे गुंदचे कुणबी. आडनाव विचारलं तर परशू म्हणाला, “मास्तर, अख्खा गाव मला वळकतोय, आडनाव कशापाय?” तेव्हा आडनावाच्या जागी गाव लिहा. साल म्हणजे मी विचारलं ते, १९१२. कशावरून ठाऊक म्हणाल तर पिढ्यान्‌पिढ्या खातात म्हणून ठाऊक. तरी तुम्ही विचारलंत म्हणून फुलाक्काकडं पुन्हा गेलो. ती म्हणाली, “चार दिस म्हंजे चार दिस. कशावरनं काय, कशावरनं?” आणि उठून गुरांकडं गेली. एरवी बोलायला लागली की थांबत नाही ती बाई, पण या गोष्टीत तिला फार खोदलेलं आवडत नाही.

अण्णा, कंटाळू नका, तुम्हाला हात जोडतो. गेल्या पौषात कुंभारवाड्याच्या अंगाला कूप तुटत होता. कूप म्हणजे तोडीला काढलेला रानाचा तुकडा. विजापूरकडची माणसं कामाला आलेली, त्यांना हे रान नवं. करांदा दिसला, रताळ्यासारखा उकडला आणि खाल्ला. एक बाई आणि तिची दोन पोरं गेली. मी जाऊन बघून आलोय, अजून जेवताना आठवतं. जंगल कचेरीतले साहेब म्हणतात, शास्त्रीय त्रैमासिकात छापून येऊ दे, त्याच्या आधारानं आम्ही कानडी-मराठी पत्रकं काढतो, कुपाकुपावर मुकादम वाचून दाखवतील. नुसत्या शाळामास्तराच्या सांगण्यावर सरकारी शिक्का बसत नाही. यंदाचा कूपही पौषातच सुरू होणार, त्याआधी हे छापलं पाहिजे.

मला लेखावर नाव नको, काही नको. चार हा आकडा छापून आला की मी सुटलो.

तुमचा,
मारुती


पुणे, ३० ऑगस्ट १९१३

चि. मारुती,

झालं एकदाचं. एक्केचाळीस नोंदी तिसऱ्यांदा लिहिल्या, सरळ रेघा, नागमोडी रेघा, कंस सगळे जागच्या जागी. काल लेख मुंबईला रवाना केला. घरी येऊन जेवायला बसलो तर पानातल्या शेवयासुद्धा मला नागमोडी रेघा वाटायला लागल्या.

तुझ्या पाच नावांचं एक केलं, ते कळवतो. नियम असा की तीनाच्या वर नावं असली तर पहिलं तेवढं ठेवायचं आणि पुढं ‘व इतर’ लिहायचं. पहिला तो मुख्य, म्हणजे ज्याच्याकडून माहिती आली तो, बाकीचे त्याच्या पाठीमागचे. तेव्हा तुझी नोंद ‘लखू बुदवंत व इतर, गुंद (१९१२)’ अशी झाली. यात काही चुकत असेल तर उलट टपाली कळव.

सुशीलेला मी हा नियम समजावून सांगितला. म्हणते कशी, “म्हणजे पंचवीस वर्षं या घरात मी ‘शंकरराव व इतर’ यातली इतर आहे, हे आज कळलं.” मावशीला इतकं हसू आलं की ठसका लागला. तू ताप अंगावर काढू नकोस. क्विनीन संपलं असेल तर धाडतो.

तुझा,
शंकरअण्णा


पुणे, ४ नोव्हेंबर १९१३

चि. मारुती,

ऑगस्टानंतर तुझी एक ओळ नाही. मावशी रोज विचारते. निदान बरा आहेस एवढं तरी लिही.

लेखाचं कळवतो. तो घेतला, पण आणखी एक भानगड झाली. पुस्तकात एक रात्र आणि आपल्या लेखात चार दिवस, हे संपादकांना खटकत होतं. मूळ सांगणाऱ्याकडूनच खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी कुणा ओळखीच्या रेंजरला लिहिलं. तो दसऱ्याच्या सुमारास गुंदला जाऊन लखू बुदवंताला भेटला. लखूनं चारचौघांसमोर सांगितलं, एक रात्र. म्हणजे पुस्तक म्हणतं एक, आणि तुझा मुख्य साक्षीदारही म्हणतो एक. मग चार आले कुठून? संपादकांनी सरळ विचारलं, की आपल्या टिपणकारानं ऐकलं तरी नीट का? मला मान खाली घालायची वेळ आली, मारुती. तापात लिहिलंस आणि दिवस चढवून लिहिलेस, असं मी समजतो. रागावत नाही.

मुद्रित तपासायला आलं तेव्हा मी चार दिवस खोडून एक रात्र केली आणि पाठवून दिलं. एक डिसेंबरला अंक निघेल. जंगल कचेरीकडे प्रत जाईल. तुझी पत्रकं पौषाच्या आधी निघतील, तेव्हा समाधान मान. मी आता दोन महिने कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान उघडणार नाही.

तुझा,
शंकरअण्णा


कॅसलरॉक स्टेशन, १३ नोव्हेंबर १९१३

अण्णा,

तार मिळाली असेल. दिवस चारच. छापणं थांबवा. तुमचं पत्र परवा हातात पडलं, तसाच निघालो आणि दीड दिवस चालून इथं आलो. तार करून आता फलाटावरच्या बाकावर बसून हे लिहितोय. गाडीच्या टपालात टाकतो.

चूक माझी आहे. सगळी सांगतो.

आमच्याकडं कागदावर नावं घालायची म्हटली की पहिलं नाव बुदवंताचं. बुदवंत म्हणजे गावचा मानकरी, शब्द त्याचा. शाळेच्या छपराचा अर्ज असो, जत्रेतला मान असो, सोयरिकीच्या बोलणीला कोण जाणार ते असो, लखूचं नाव वर. त्याच्याखाली परशू, वासू, गुणा, घराच्या मानाप्रमाणे. बायकांचं नाव घालायची रीतच नाही. मी धीर करून फुलाक्काचं शेवटी घातलं. करांद्याचं जे काही सांगितलं ते सगळं तिनं. लखू तिचा थोरला दीर, त्याच्यासमोर ती बोलत नाही. म्हणून ती दाराआड बसून सांगत होती, मी उंबऱ्यावर बसून लिहीत होतो, आणि लखू ओट्यावर पान चघळत होता. बाकीचे तिघे सहज येऊन टेकले होते. सात वर्षं या गावात काढली, हाताला गावचीच रीत लागली. लिहिताना मला यात काही वावगं वाटलंच नाही.

आणि ऑगस्टात तुम्ही कळवलं होतंत, की पहिला तो सांगणारा. वाचलं मी ते. तापानं डोकं फुटत होतं. लखूचं नाव खाली घ्या असं लिहिलं आणि ते गावात कळलं तर लखू शाळेत पोरं पाठवायचा बंद होईल, असंही मनात आलं. म्हटलं, मुंबईला कुणाला कळतंय? आणि पडून राहिलो. मग दोन महिने खरंच पडलो. शुद्ध नव्हती, फुलाक्काच्या घरची पेज पिऊन वाचलो.

निघताना रेंजरचं लखूला विचारलं. म्हणाला, “सायबानं चारचौघांत इचारलं, करांदा किती भिजवता? बायकांस्नी इचारा म्हनू? बुदवंत हाय मी. सांजचं टोपली व्हाळाला जाती ती बघतोय, म्हनून सांगितलं एक रात.” त्याला शिव्या कशाच्या देऊ? मी तरी काय वेगळं केलं?

पण अण्णा, तुम्ही! मला एका शब्दानं न विचारता चाराचं एक केलंत! पत्र नाही आलं तर माणूस मेला असेल असं समजायचं होतं, पण खोटं लिहिलं असेल असं नव्हतं समजायचं. आता सरकारी शिक्का मारून मुकादम वाचून दाखवणार, एक रात्र भिजवा आणि पोरांना घाला. गेल्या साली न कळून तीन जीव गेले. यंदा आपल्या लेखाच्या आधारानं जातील.

रागानं लिहिलं. खोडायला कागद नाही. गाडी आली.

मारुती


पुणे, १८ नोव्हेंबर १९१३

चि. मारुती,

तुझी तार आली तेव्हा मी कॉलेजात होतो. तसाच रजा टाकून मुंबईला गेलो. पान यंत्रावर चढायचं होतं, ते उतरवून घेतलं. छापखान्यातला माणूस माझ्याकडं असा बघत होता, जसं काही मी त्याच्या घरात शिरलोय. तिथून संपादकांकडे गेलो. तुझं पत्र मी नंतर घरी आल्यावर वाचलं, पण तारेतल्या ‘सांगितलं फुलानं, लखूनं नव्हे’ या शब्दांवरून मला ते बरंचसं उमगलं होतं. यादी कुणी कशी लिहिली असेल हे मला आधीच सुचायला हवं होतं. आपल्या आजोळी लग्नपत्रिकेवर नावं कशी घालायचे, ते मी काय पाहिलं नाही?

तू रागावलास ते बरोबर आहे. मी चाराचं एक का केलं ते सांगतो. दमलो होतो म्हणून केलं. दुसरं कारण नाही. एक्केचाळीस नोंदी तीनदा लिहिल्यावर माणूस आकड्याकडं नुसता आकडा म्हणून बघतो. दोन ठिकाणी एक, एका ठिकाणी चार, मग चार खोडा. त्या आकड्यात पोरं आहेत हे तू ऑगस्टातच लिहिलं होतंस आणि मी ते विसरलो. या वयात हे लिहिताना लाज वाटते.

आता पुढचं. संपादक खडूस आहेत, वाईट नाहीत. त्यांनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, “तुमचं पहिलं नाव पोकळ निघालं. मग पाचवं भरीव कशावरून?” ते म्हणाले, पाच डिसेंबरपर्यंत पान थांबवतो. त्या बाईला चार दिवस कशावरून ठाऊक आणि कुठल्या सालापासून ठाऊक, एवढं खात्रीचं आणा, चार छापतो. नाही आणलं तर छापील पुस्तक आहेच, एक रात्र जाईल. लेखच मागं घेतो म्हटलं, तर म्हणाले, जंगल कचेरीनं त्या पुस्तकावरूनही पत्रक काढायचं ठरवलंय, लेख आला काय आणि न आला काय.

तेव्हा फुलाबाईंकडं जा. ‘पिढ्यान्‌पिढ्या’ चालणार नाही, लखूच्याही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती टाळते असं तू लिहिलं होतंस. या खेपेला का विचारतोय ते तिला सांग, पत्रकाचं सांग, आणि मग विचार. जमलं तर दोन साक्षीदारांचे अंगठे घे.

तुझा,
शंकरअण्णा


गुंद, २६ नोव्हेंबर १९१३

शंकरअण्णा,

साक्षीदार नाहीत. का ते वाचाल तेव्हा कळेल. पत्रकात एक रात्र येणार असं सांगितलं तेव्हा फुलाक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “उद्या कामत्याच्या मळीत ये, भात झोडायला मी एकटीच हाय.” तिथं तिनं सांगितलं ते तिच्या शब्दांत खाली उतरवलंय. मी एक शब्द घातला नाही की काढला नाही.

“पुण्याच्या अण्णांस्नी फुलाचा नमस्कार. मास्तर लिवत्यात, मी सांगते. तुमी इचारलं, चार दिस कशावरनं. सासू सांगायची चार. तिचं नाव यमुना. पन सासू सांगती म्हनून कोन ऐकतंय? मीबी न्हाई ऐकलं.

मास्तर गावात आले त्याच्या आदल्या साली डुकरांनी भात खाल्लं, उरलं ते किडीनं. घरात काय न्हाई. करांदं खनून आनलं, चिरलं, राखंत उकडलं, टोपली व्हाळात बांधली. माजी केशर पाच वरसाची. भूक भूक करून रडायची, मग रडायचीबी बंद झाली. तिसऱ्या दिशी सांजला मी टोपली काढली. सासू म्हनाली, आजून एक दिस ठेव. मी म्हनलं, पोर बगा जरा. जिभंवर ठेवून बगितलं, कडू न्हाई लागलं. जराबी कडू न्हाई. म्हनून तिला दिलं. पयलं तिलाच दिलं, थोडंच हुतं, म्हनून मी न्हाई खाल्लं. पोटभर खाल्लं पोरीनं. माज्याकडं बगून हसली. दुसऱ्या दिशी दुपारपातूर गेली.

गावाला ताप म्हनून सांगितलं. ह्यांस्नीबी तेच सांगितलं, भावोजीस्नीबी. सासूला ठावं हुतं. तिनं मला एका शबदानं बोल लावला न्हाई, मरंस्तवर न्हाई. लावला असता तर बरं झालं असतं. आज आट वरसं मी ह्ये कुनाला सांगितलं न्हाई. मास्तरानं दोनदा इचारलं, मी उटून गेले.

आता सांगते कारन त्या बायाबी भुकेल्या आसनार. पोर रडाय लागलं की चार दिस कुनालाबी लई वाटत्यात. तुमच्या कागदात एक लिवलं तर त्या एक करतील, तीन लिवलं तर दोन करतील. तीन दिसानं जिभंला कळत न्हाई, ह्ये त्यास्नी सांगा. चाखून बगू नका म्हनावं. जीभ खोटं बोलती.

भावोजीस्नी राग करू नका, पानात येतंय तेवढंच त्यांस्नी दिसतंय. केशरचं छापू नका. माज्या घरात कळंल. दिस छापा.”

अण्णा, मी सात वर्षं या घरचं ताक, पेज, करांदे खात आलो. या बाईला किती पोरं असं मी कधी विचारलं नाही. शाळेच्या पटावर असलेली तेवढीच मला ठाऊक. उद्या हे पत्र घेऊन मीच कॅसलरॉकला जातो, टपालवाल्यावर सोडत नाही. अंगात ताप आहे, पण चालता येतंय.

मारुती


पुणे, ९ डिसेंबर १९१३

चि. मारुती,

तुझं पत्र दोन तारखेला मिळालं. मी ते सुशीलेला वाचून दाखवायला घेतलं आणि केशरशी आल्यावर कागद तिच्या हातात दिला. मग तिनं वाचलं. आमची पहिली मुलगी तुला आठवत नसेल, तू लहान होतास. त्या दिवशी आमच्याकडं कुणी जेवलं नाही.

तीन तारखेला मुंबईला गेलो. निवेदन संपादकांना दाखवलं नाही. एवढंच म्हटलं, तीन दिवस भिजवलेल्या करांद्यानं या बाईंच्या समोर एक जीव गेलाय, जिभेला कडू लागत नव्हता तरी गेलाय, कोण ते विचारू नका. हे खोटं निघालं तर माझं नाव कॉलेजला कळवा, मी उद्यापासून बाटल्यांना हात लावणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आडनाव विचारलं, मी नाही म्हटलं. पान विचारलं, मी नाही म्हटलं. मग म्हणाले, “ठीक आहे. पण साल लागेलच. साल नसलेली नोंद मी छापत नाही.” साल मी दिलं. तू १९०६ च्या जूनमध्ये गुंदला गेलास, त्याच्या आदलं.

अंक काल निघाला. करांद्याच्या परिच्छेदात चार दिवस आहेत, आणि चाखून खात्री करू नये हे वाक्य तिरप्या टायपात आहे. ते मी मुद्दाम खाली रेघ मारून घेतलं. नियमात बसत नव्हतं, पण या खेपेला कुणी लाल शाई लावली नाही. जंगल कचेरीकडे प्रत आणि पत्रकाचा मजकूर दोन्ही संपादकांनी स्वतः धाडले. एक्केचाळिसाव्या नोंदीतून लखू बुदवंत व इतर गेले. आता तिथं आहे ‘फुला, गुंद (१९०५)’.

निवेदन सोबत परत पाठवतोय. ते छापखान्याचं नाही, फुलाबाईंचं आहे. त्यांच्या हातात दे, नाहीतर त्या म्हणतील तसं कर. क्विनीन पुरेसं पाठवलंय, ते मात्र तू घे, शाळेत वाटून टाकू नकोस.

सूचीत चाळीस कंसांत पुस्तक निघाल्याचं साल आहे, एकात केशर गेल्याचं. टायप जुळवणाऱ्याला ते कळलं नाही, वाचणारालाही कळणार नाही. त्याला वाटेल, त्या साली गुंदला काहीतरी छापून आलं असावं. हे फुलाबाईंना सांगायचं की नाही, ते तू ठरव. दिवस चार छापलेत, एवढं मात्र पत्र मिळताच जाऊन सांग.

तुझा,
शंकरअण्णा